गुणवत्ता यादी आणि गावची शाळा : निलंगा परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

परीक्षेतील यश, पारितोषिके आणि सत्कार हे शालेय जीवनाचे जुने अंग आहे. निकाल लागला की यशस्वी मुलांची नावे गावभर होतात, शाळेत छोटासा समारंभ होतो आणि आई-वडिलांना धन्यता वाटते. हा आनंद स्वाभाविक आहे आणि तो हवाही. परंतु ज्यांच्याकडे शाळांची जबाबदारी आहे, त्या शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी या आनंदाच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारणे आवश्यक असते. चार मुलांच्या यशाने वर्गातील उरलेल्या मुलांना काय मिळाले? लातूर जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रभर झाले ते प्रामुख्याने परीक्षेतील यशामुळे. निलंग्यासारख्या सीमेवरील तालुक्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक होईल.

पार्श्वभूमी

निलंगा तालुका लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कर्नाटकातील बीदर जिल्ह्याला लागून आहे. मांजरा आणि तेरणा या नद्यांचा हा परिसर. हैदराबाद संस्थानाच्या काळात निलंगा बीदर जिल्ह्यात मोडत असे. संस्थानात माध्यमिक व उच्च शिक्षणावर उर्दू माध्यमाचा प्रभाव होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेची पायरी चढणे त्यामुळे दुहेरी अवघड होते. एक तर शाळा दूर, आणि गाठली तरी तेथील भाषा परकी. या परिस्थितीत राष्ट्रीय वृत्तीच्या काही मंडळींनी स्वतंत्र शाळा चालविल्या. १९२१ साली हिप्परगा येथे सुरू झालेली राष्ट्रीय शाळा ही त्यांपैकी एक. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे या शाळेत मुख्याध्यापक होते, ही गोष्ट मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे बीदर जिल्ह्यातील तालुके तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडण्यात आले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शाळांचा कारभार लोकनियुक्त संस्थांच्या हाती आला. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५-८६ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले; निलंग्यात महाविद्यालयीन शिक्षणाची सोय होण्यातही त्यांचा पुढाकार होता. थोडक्यात, आजोबांना शाळेची भाषा परकी, वडिलांना गावात सातवीपर्यंतची सोय आणि नातवाला तालुक्याच्या गावी महाविद्यालय, असा प्रवास येथील अनेक कुटुंबांनी तीन पिढ्यांत केला आहे. आजच्या यशाचे मोल या अंतरावरून मोजले पाहिजे.

‘लातूर पॅटर्न’चा धडा

लातूर येथील राजर्षी शाहू महाविद्यालयाची स्थापना १९७० साली झाली. डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे संस्थापक प्राचार्य. हेच डॉ. वाघमारे पुढे १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९८० नंतरच्या काळात या महाविद्यालयाचे आणि शहरातील अन्य संस्थांचे विद्यार्थी बारावीच्या गुणवत्ता यादीत सातत्याने चमकू लागले. मुंबई-पुण्याच्या नामांकित महाविद्यालयांच्या पंक्तीला मराठवाड्यातील एका नव्या जिल्ह्याचे नाव बसले आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

या पद्धतीत गूढ असे काही नव्हते. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणे, नियमित तासांखेरीज जादा तास घेणे, वारंवार सराव परीक्षा घेणे, उत्तरपत्रिका तपासून त्यांतील उणिवा विद्यार्थ्यांसमोर मांडणे आणि शिक्षकांनी वर्गाबाहेरही मार्गदर्शनास उपलब्ध राहणे, हे तिचे मुख्य घटक होते. या पद्धतीवर टीकाही झाली. पाठांतरावर भर, परीक्षेचे दडपण, शिकवण्यांचा वाढता बाजार आणि मुलांसाठी खोली भाड्याने घेऊन शहरात राहणाऱ्या पालकांवर पडणारा खर्च, हे तिचे दोष म्हणून सांगितले गेले. मंडळाने कालांतराने गुणवत्ता याद्या जाहीर करण्याची प्रथा बंद केली. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश स्वतंत्र परीक्षांवर अवलंबून राहू लागले आणि लातूरच्या शिक्षणसंस्थांनी आपला मोहरा त्या परीक्षांकडे वळविला.

गावच्या शाळेने या अनुभवातून काय घ्यावे? जादा तास व सराव परीक्षा या बाह्य गोष्टींची नक्कल करणे सोपे आहे. परंतु पाहिलीपासूनच मुलांना परीक्षेच्या चरकात घालण्याने फारसे काही साधत नाही. घेण्याजोगा भाग वेगळा आहे. मुलाचे कोठे चुकले हे त्याला लगेच दाखवून देणे, आणि तीच चूक पुन्हा होणार नाही याची काळजी वाहणारा शिक्षक त्याच्याजवळ असणे, हे या पद्धतीचे मर्म होय. त्यासाठी शहर लागत नाही, मोठे शुल्क लागत नाही. दोन शिक्षकी शाळेतही ते शक्य आहे. शिवाय ज्या मुलांनी बारावीच्या यादीत स्थान मिळविले, त्यांपैकी कित्येकांनी अक्षरे गिरविली ती खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत, हेही विसरता येत नाही. कळस लातूरला दिसला तरी पाया गावोगावी भरला गेला होता.

खेड्यातील मुलांसाठी खुल्या वाटा

जिल्हा परिषद शाळेतील मुलाला आपली गुणवत्ता सिद्ध करण्याच्या अनेक संधी आज उपलब्ध आहेत. त्यांची नेमकी माहिती पंचायत सदस्यांना असणे उपयुक्त ठरेल.

पहिली संधी राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेची. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे, यांच्यामार्फत घेतली जाते. दीर्घकाळ ती चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीच्या स्तरावर नेण्यात आली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे आणण्याचा निर्णय शासनाने घेतला. प्रथम भाषा व गणित यांचा एक आणि इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी यांचा दुसरा, असे प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर असतात. शिष्यवृत्तीची रक्कम अनेक वर्षे अगदी अल्प होती. २०२३-२४ पासून ती पाचवीसाठी वर्षाला ५,००० रुपये आणि आठवीसाठी ७,५०० रुपये अशी वाढविण्यात आली.

दुसरी संधी जवाहर नवोदय विद्यालयाची. १९८५-८६ मध्ये देशात प्रायोगिक स्वरूपात दोन नवोदय विद्यालये उघडली गेली. एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे महाराष्ट्रातील अमरावती येथे. पुढे ही योजना जिल्हावार विस्तारली आणि लातूर जिल्ह्यालाही असे निवासी विद्यालय मिळाले. सहावीत ८० जागा, त्यांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी, असे त्याचे सूत्र आहे. पाचवीत शिकत असताना ही निवड चाचणी एकदाच देता येते. दहा तालुक्यांच्या जिल्ह्यात ८० जागा म्हणजे स्पर्धा किती तीव्र, याची कल्पना येते.

तिसरी संधी सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ती म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. ही योजना २००८ साली सुरू झाली. आठवीत शिकणाऱ्या, सातवीत किमान ५५ टक्के गुण मिळविलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या मुलांना ही परीक्षा देता येते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच ती आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी या चार वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० रुपये, थेट बँक खात्यात मिळतात. देशात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या असून महाराष्ट्राचा वाटा ११,६८२ इतका आहे. कोरडवाहू शेती करणाऱ्या अथवा मजुरी करणाऱ्या कुटुंबात ही रक्कम मुलीचे शिक्षण थांबणे आणि चालू राहणे यांतील फरक ठरू शकते.

मात्र ही शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे काम संपले असे नाही. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते. दहावीत किमान ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे. आठवीनंतर मूल गावची शाळा सोडून दुसऱ्या विद्यालयात जाते. सत्कार करणारी शाळा मागे राहते आणि नव्या शाळेत त्या शिष्यवृत्तीची दखल घेणारे कोणी नसेल तर नूतनीकरण राहून जाण्याचा धोका असतो. नावातील एखादे अक्षर आधारपत्रावर एक आणि बँकेच्या पुस्तकावर दुसरे, एवढ्या क्षुल्लक कारणानेही रक्कम अडकते. परीक्षेत मिळविलेले यश अशा रीतीने कागदात अडकू नये, हे पाहणे मोठ्यांचे काम आहे.

यादीत न दिसणारी मुले

समजा, एखाद्या गावच्या शाळेत पाचवीच्या वर्गात २० मुले आहेत आणि त्यांपैकी ३ शिष्यवृत्तीधारक झाली. शाळेचे नाव तालुक्यात झाले. हे यश निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु उरलेल्या १७ मुलांपैकी किती जणांना साधा परिच्छेद अडखळता न वाचता येतो, किती जणांना भागाकार जमतो, याची नोंद त्या यादीत नसते. आणखी एक बाब यादीतून कळत नाही. ती म्हणजे परीक्षेला किती मुले बसविली होती. केवळ निवडक मुलांना बसवून शेकडा निकाल उंचावणे शक्य असते. २० पैकी ४ मुले बसवून ३ उत्तीर्ण करणारी शाळा आणि २० पैकी १८ बसवून ९ उत्तीर्ण करणारी शाळा यांत पहिलीचा निकाल ७५ टक्के व दुसरीचा ५० टक्के दिसतो. प्रत्यक्षात दुसऱ्या शाळेने तिप्पट मुलांना यशापर्यंत नेले आणि आणखी ९ मुलांना परीक्षेचा सराव दिला.

ही शंका केवळ तात्त्विक नाही. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार २०२२ साली शासकीय शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी ३८.५ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. करोना काळात शाळा बंद राहिल्याचा परिणाम त्यात होता. २०२४ साली हे प्रमाण ४४.८ टक्क्यांवर आले. सुधारणा आशादायक आहे; तरीही देशाच्या पातळीवर निम्म्याहून अधिक मुले अद्याप मागे आहेत. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास वाचन व अंकज्ञान यावे असे उद्दिष्ट ठेवले आहे, ते याच कारणासाठी. शिष्यवृत्तीची यादी शाळेची उंची सांगते. शाळेची खोली सांगण्यासाठी दुसरी मोजपट्टी लागते.

उपक्रमांची कदर

व्यक्तींप्रमाणे उपक्रमांचीही कदर व्हावी लागते. याचे एक चांगले उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटाचे आहे. एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटाला बीट म्हणतात. कुमठे बीटातील शाळांनी मुलांना स्वतः हाताळून, खेळून व चर्चा करून शिकू देण्याची पद्धत सर्व वर्गांत राबविली. त्यांच्या कार्याची दखल अशी घेतली गेली की, राज्यभरातील शिक्षक ते वर्ग पाहण्यास जाऊ लागले आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्या अनुभवाचा आधार मिळाला. शाल-श्रीफळापेक्षा हा सन्मान अधिक मोलाचा मानावा लागेल. कारण एका ठिकाणचे ज्ञान त्यामुळे शेकडो ठिकाणी पोहोचले.

दुसरे उदाहरण निलंग्यासारख्या सीमाभागाला विशेष जवळचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांमध्ये वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याच्या त्यांच्या प्रयोगाची चर्चा सर्वत्र झाली. त्यामानाने कमी चर्चिली गेलेली गोष्ट अशी की, मुलांच्या घरची भाषा कन्नड असल्याने पाठ्यपुस्तक त्यांना कळत नाही, हे त्यांनी ओळखले, स्वतः कन्नड शिकले आणि पाठ मुलांना समजतील अशा रीतीने पुन्हा तयार केले. निलंगा तालुक्याच्या सीमेलगतच्या भागातही घरी कन्नड, उर्दू किंवा बंजारा बोली बोलणारी मुले मराठी शाळेत येतात. अशा मुलाचे मौन म्हणजे मंदबुद्धी नव्हे, हे ओळखणारा शिक्षक हा त्या शाळेचा खरा गौरव होय. निजामी अमदानीत याच भागातील मराठी मुलाने परक्या भाषेची अडचण सोसली होती. ती अडचण आज दुसऱ्या कोणा मुलाच्या वाट्याला येऊ नये, याचे भान येथील शाळांना इतरांपेक्षा अधिक असावयास हवे.

२०२३-२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानातून शाळांना तालुका, जिल्हा व राज्य पातळीवर रोख पारितोषिके दिली जाऊ लागली. भिंती बोलक्या झाल्या, परसबागा फुलल्या, पाण्याची व स्वच्छतागृहांची सोय झाली, तर मुलांना शाळेत यावेसे वाटते. मात्र मूल्यांकनाच्या दिवसापुरती केलेली सजावट आणि वर्षभर वापरात असलेली सोय यांतील फरक गावकऱ्यांइतका अन्य कोणाला कळत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे की पाणी, हे पाहण्यास बाहेरच्या समितीची वाट पाहण्याचे कारण नाही.

पंचायतीचे काम

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आवश्यक केली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. स्थानिक लोकप्रतिनिधींचाही तिच्यात समावेश असतो. या समितीला केवळ सह्यांपुरते न ठेवता तिच्यामार्फत पुढील गोष्टी सहज करता येतील.

पहिली गोष्ट, शाळेचा निकाल मांडताना तीन आकडे एकत्र मांडावेत : वर्गाचा पट किती, परीक्षेस बसलेली मुले किती आणि यशस्वी मुले किती. त्याखाली वाचन व गणितात मागे असलेल्या मुलांची केवळ संख्या द्यावी, नावे देऊ नयेत. पुढच्या वर्षी ती संख्या घटली तर तेही यश म्हणून जाहीर करावे.

दुसरी गोष्ट, शिष्यवृत्ती मिळालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही शाळेत ठेवावी. मूल अन्य विद्यालयात गेले तरी नूतनीकरण झाले किंवा नाही, रक्कम जमा झाली किंवा नाही, याची विचारणा बारावीपर्यंत करावी. बँक खाते, आधार व उत्पन्नाचा दाखला यांची पूर्तता आठवीच्या आरंभीच करून घेतल्यास ऐन वेळी धावपळ होत नाही.

तिसरी गोष्ट, मराठवाड्यात १५ ऑगस्ट व २६ जानेवारीप्रमाणेच १७ सप्टेंबरलाही शाळाशाळांतून ध्वजवंदन होते. मुक्तिसंग्रामाच्या या दिवशी गुणगौरव ठेवणे औचित्यपूर्ण होईल. त्यात शिष्यवृत्तीधारकाबरोबर वर्षभर एकही दिवस न चुकता आलेल्या मुलाचा, सहा महिन्यांत वाचू लागलेल्या मुलीचा, ऊसतोडीहून परतल्यावर पुन्हा शाळेत रुळलेल्या भावंडांचाही उल्लेख व्हावा. ज्या शिक्षकाने त्यांना वाचते केले, त्याने काय केले हे चार वाक्यांत सांगावयास लावावे, म्हणजे शेजारच्या शाळेलाही ते ऐकून करता येईल.

चौथी गोष्ट, केंद्रातील शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेत यशस्वी शाळेच्या वर्गाला प्रत्यक्ष भेट ठेवावी. भाषणापेक्षा चालू वर्ग पाहण्याने शिक्षक अधिक शिकतो, हे कुमठ्याच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे.

गुणवत्ता यादी ही शेवटी एक यादी असते. तिला वरचे टोक असते तसे खालचेही असते आणि त्या टोकाच्या पलीकडे पुष्कळ मुले उभी असतात. लातूरने वरच्या टोकावर आपले नाव कोरून दाखविले आहे. खेड्यातील शेवटच्या बाकावरचे मूल अस्खलित वाचू लागणे, हे त्या कीर्तीचे पुढचे पाऊल होय. निलंग्यासारख्या तालुक्यांतील शाळांनी, त्यांच्या शिक्षकांनी आणि पंचायतींनी ते टाकावयाचे आहे. त्यासाठी लागणारी माणसे, कायदा आणि योजना आज गावातच उपलब्ध आहेत.